खाजा मिस्त्रींचा उजवा कान

पहिल्या रात्री आवाजच आला नाही.
ऑसिलेटर फिरत होता, काटा हलत होता,
हिरवी रेघ स्क्रीनवर
सुईत न ओवल्या जाणाऱ्या दोऱ्यासारखी थरथरत होती
आणि स्पीकर मुका.
दोन वाजेपर्यंत सगळं उचकटलं, पुन्हा जोडलं.
सकाळी शटर वर करता करता मिस्त्रींना सांगितलं,
तर कुलपातून मान न काढता म्हणाले,
"आउटपुट जोडलीस का गं?"

एवढं घर बांधलं, दारच ठेवलं नव्हतं.

मानवतला, जिनिंगच्या रस्त्याला आमचं दुकान:
अ‍ॅम्प्लिफायर, माईक, लग्नात जळालेले हॉर्न.
आयटीआय करून मी इथं चिकटले.
लॅपटॉप बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासचा, चार हजाराला,
एक बटण दाबलं की दोनदा उमटतं.
त्यात फुकटचं एक सॉफ्टवेअर:
डबे आणि वायरी, वायरी आणि डबे.
ही वायर जळत नाही, झटका देत नाही,
मिस्त्रींना राग याचाच.
"जिसमें डर नईं, वो काम हात में कैसा बैठेगा?"

बसलं. हळूहळू बसलं.
एन्व्हलप कळलं ते हापशामुळं:
चार हापसे कोरडे, मग भसकन पाणी,
मग हात चालेल तोवर एकसारखी धार,
आणि सोडून दिल्यावरही
घागरीच्या काठावर टप्,
टप्.
पांढरा गोंगाट म्हणजे जिनिंगचा हंगाम,
सगळे स्वर एकदम, एकाचाही चेहरा दिसत नाही;
सरकी काढावी तसा
त्यातून आपल्याला हवा तो वेगळा काढायचा.
फीडबॅक कुणी शिकवावा लागला नाही.
आउटपुट परत इनपुटात खुपसलं
तशी आई तव्यावरची भाकरी सोडून धावत आली,
"काय कापायलीस गं?"

अडले ते फिल्टरपाशी.
एका दुपारी लाईट गेली. बॅटरी अकरा मिनिटं.
मिस्त्री जेवून रिकामे बसलेले, मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवला,
करवतीसारखा एक स्वर लावला
आणि फिल्टर उघडत नेला.
"हां... हां... आता का थांबवलंस?"

थांबवलं नव्हतं.
अजून अर्धा नॉब बाकी होता.
वर केवढं दातेरी, चकचकीत काहीबाही चाललं होतं,
आणि मिस्त्री
सामान हलवलेल्या खोलीत बघावं तसे बघत होते.
चाळीस वर्षं हॉर्नसमोर उभं राहून
उजव्या कानावर झाकण बसलंय.
"डाव्याला लाव," म्हणाले.
डाव्यातही जरासंच जास्त.
मग चहा सांगितला. दोघांनीही विषय काढला नाही.

रात्री नॉब तिथंच ठेवला, जिथं ते थांबले होते.
माईकमध्ये माझं नाव म्हटलं आणि त्यातून गाळून ऐकलं.
सुकेशनी.
स गेला. श गेला.
उरलं ते हुबेहूब तेच,
जे दोन वर्षं मी ऐकतेय, दुकानात, गिऱ्हाइकांपुढं:
ऊकेनी, पाना दे. ऊकेनी, कावीळ झालेला तो हॉर्न आण.
मला वाटायचं, तोंडात पान असतं.

त्यानंतर महिनाभर मी वर गेलेच नाही.
सगळं त्या रेघेच्या खाली बांधलं:
दोन ऑसिलेटर, एक केसभर बेसूर,
त्यांच्या घासण्यातून संथ हेलकावा,
मध्ये एक ठोका, ओल्या पोत्यावर मूठ मारल्यासारखा.
आवाज काढता काढता झिजवत गेले,
पण आतली नक्षी जाऊ दिली नाही.
शनिवारी दुकानातल्या पंधरा इंचीला जोडलं.
मिस्त्रींनी कान पुढं केलाच नाही,
कोनवर हळूच तळवा ठेवला,
पोळलेलं लेकरू चाचपावं तसा.
बराच वेळ.

मी वाट बघत होते, काय म्हणतील.

"पन्नासची गुणगुण आहे ह्याच्यात," म्हणाले.
"अर्थिंग बघ."

नाही, म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये कुठली अर्थिंग.
त्यांनी हात उचलला नाही.
मी चार्जर उपटला.

होती.